उघडं दार: पंडिता रमाबाई आणि साक्षीचा प्रश्न

देवनहळ्ळीहून तुमच्याशी बोलतो आहे. टिपू सुलतानाचं हे जन्मगाव. किल्ला माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे आणि डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जातं. किल्ल्यातल्या लढायांबद्दल आपण आधी बोललो आहोत. आजचा विषय वेगळा आहे. तो सुचला एका पाहुण्यामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मागच्या महिन्यात माझ्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार साहेब मुलीला विमानतळावर सोडायला आले होते. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून घरी आले. चहा घेताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या क्रुसाकडे गेलं. म्हणाले, "साहेब, एक विचारू? माझा धाकटा गेला त्या रात्री तुम्ही माझ्याजवळ बसला होता. तुमचे ओठ हलत होते. काय म्हणत होता?"

ती रात्र मला आठवते. तेव्हा ते हवालदार होते. उंचावरची चौकी होती आणि बर्फामुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं. गावाकडे मुलाला सर्पदंश झाल्याचा आणि तो गेल्याचा निरोप संध्याकाळी आला. बुखारीपाशी आम्ही दोघे सकाळपर्यंत बसून होतो. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. त्यांच्याशी मात्र बोललो ते रजेबद्दल, गाडीबद्दल, पैशांबद्दल.

मी ख्रिस्ती. आमचं घर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्या ख्रिस्ती. मराठा पलटणीत आयुष्य गेलं. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आमची युद्धघोषणा, आणि ती माझ्या छातीतूनच निघायची. मंदिर परेडला मी जवानांच्या पुढे उभा राहायचो, कारण फौजेत जवानांचा धर्म तो अफसराचा धर्म. त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. पण माझी स्वतःची श्रद्धा काय आहे, हे मी तीस वर्षांत एकाही जवानाला सांगितलं नाही. याला मी शिस्त म्हणायचो. सुभेदार साहेब म्हणाले, "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं की माझ्या पोरासाठी प्रार्थना करताय, तर मला बरं वाटलं असतं."

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेबद्दल उघडपणे काय सांगायचं, कुणाला, आणि कुठे थांबायचं? आम्ही याला 'साक्ष' म्हणतो. मराठी समाजात या प्रश्नावर सव्वाशे वर्षांपूर्वी मोठं वादळ उठलं होतं आणि ते एका उघड्या दारावरून उठलं होतं. ते दार पंडिता रमाबाईंच्या खोलीचं.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा आणि तोही याच राज्यातला, पश्चिम घाटातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घालत रमाबाई कलकत्त्याला पोचल्या, आणि तिथल्या विद्वानांनी 1878 साली त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बंगाली वकिलाशी लग्न झालं आणि दोन वर्षांत तोही गेला. पदरात लहानगी मनोरमा. पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला. नंतर त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि 1883 साली वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकेत त्यांच्या कामासाठी बॉस्टनला एक मंडळ स्थापन झालं. त्याच्या मदतीने त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. अट अशी, की धर्मशिक्षण द्यायचं नाही. मुलींनी आपापले आचार पाळावेत, सोवळं सांभाळावं, पूजा करावी. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात होते. 1890 मध्ये सदन पुण्याला आलं.

आता दाराची गोष्ट. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत, बायबल वाचत, आणि दार लावून घेत नसत. कुणाला बोलवत नसत, आणि कुणी आलं तर हाकलतही नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. हे गावभर झालं. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. शेवटी 1893 च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की संस्था निधर्मी राहील हा शब्द होता, आणि मुली प्रार्थनेला बसतात, बायबल वाचतात, ही त्या शब्दापासूनची फारकत आहे. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंची बाजूही सरळ होती. सदनातल्या हिंदू मुलीला तिची पूजा उघडपणे करता येते, तर माझ्याच घरात मी माझी प्रार्थना चोरून का करावी?

मी ख्रिस्ती आहे म्हणून रमाबाईंची बाजू घेऊन मोकळा होणं मला सोपं आहे. पण तसं करणं इतिहासाला धरून होणार नाही. रानडे धर्मवेडे नव्हते, भांडारकरही नव्हते. दोघेही प्रार्थना समाजाचे, सुधारक, रमाबाईंच्या कामाचे पाठीराखे. त्यांच्या शंकेत दम होता. ज्या मुलीचं केशवपन झालं आहे, जिला माहेर नाही आणि सासर नाही, जिचं अन्न, वस्त्र आणि पुस्तक एकाच बाईच्या हातात आहे, ती मुलगी त्या बाईच्या प्रार्थनेत जाऊन बसते तेव्हा तो तिचा स्वतंत्र निर्णय किती आणि उपकाराची ओढ किती?

हा प्रश्न मला नीट कळतो, कारण मी अफसर होतो. हवालदाराला मी धर्माबद्दल काही सांगायला लागलो, तर तो "जी साहेब" म्हणणार. तो पटलं म्हणून म्हणतोय की माझ्या खांद्यावरच्या फितींना म्हणतोय, हे मला कसं कळणार? हुद्दा असलेल्या माणसाची साक्ष कधीच पूर्ण मोकळी नसते. म्हणून मी गप्प राहिलो, आणि ते सगळंच चुकीचं होतं असं आजही मला वाटत नाही.

पण दुसरी बाजूही पुराव्यासकट आहे. सदनात पहिल्यापासून असलेली एक बालविधवा म्हणजे गोदूबाई जोशी. चार वर्षं ती रमाबाईंच्या सहवासात होती. ती हिंदूच राहिली. 1893 च्या मार्चमध्ये, म्हणजे हे वादळ टिपेला पोचत होतं त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई कर्वे झाली. आपण ज्यांना महर्षी म्हणतो त्यांच्या घरातली ही गोष्ट. दार उघडं होतं, पण आत जायलाच हवं अशी सक्ती नव्हती, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. रमाबाईंवर फक्त पुणेकर रागावले नव्हते. सदनात येशूचं नावही शिकवत नाही म्हणून ख्रिस्ती मंडळीही नाराज होती. इंग्लंडमधल्या ज्या भगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीही रमाबाईंचे खटके उडाले होते. इथल्या पुरोहितांचं जू उतरवून मी तिथल्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका. परदेशातही त्यांनी शाकाहार सोडला नाही. म्हणजे ही बाई कुणाची एजंट नव्हती. तिने स्वतः तपासून घेतलं, आणि जे पटलं ते लपवलं नाही.

ख्रिस्ताची शिकवण याबद्दल काय सांगते? गंमत म्हणजे डोंगरावरील प्रवचनात दोन्ही गोष्टी एका पानाच्या अंतराने आहेत. एके ठिकाणी तो सांगतो, दिवा लावून मापाखाली झाकू नका, सर्वांना उजेड मिळेल असा ठेवा. पुढच्याच अध्यायात सांगतो, प्रार्थना करताना खोलीत जा आणि दार लावून घ्या. बंद दार हे दिखाऊपणावरचं औषध आहे, आणि उघडा दिवा भित्रेपणावरचं. आपल्याला कुठला रोग आहे हे ज्याचं त्याने ओळखायचं. पेत्राच्या पहिल्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. विचारणारा आधी आहे, उत्तर नंतर.

आपल्या राज्यघटनेनेही हा प्रश्न टाळला नाही. अनुच्छेद 25 मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 'प्रसार' या शब्दावर डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत कडाक्याची चर्चा झाली आणि शब्द राहिला. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. आपला विचार समोर ठेवता येतो. तो घ्यायचा की नाही, हे ऐकणाऱ्याच्या हातात. कायद्याच्या भाषेत हे रमाबाईंचं उघडं दारच आहे.

1893 नंतर रमाबाईंनी काय केलं? त्यांनी संदिग्धता संपवली. पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली आणल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं, उघडपणे ख्रिस्ती. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता आणि तो बायका चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. 1900 च्या सुमारास वस्ती दीड हजारांच्या घरात होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, बायकांना समजेल अशा मराठीत, आणि ते काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटले. मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

पाटी स्पष्ट लावली, हे मला अधिक प्रामाणिक वाटतं. तरी रानड्यांची शंका तिथेही संपत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या दहा वर्षांच्या पोरीला निवड ती काय? पण तिला उचलून आणायला तिथे दुसरं कुणी गेलंही नव्हतं. या दोन्ही वाक्यांपैकी एक खोडून टाकणं मला जमत नाही, आणि तुम्हीही घाईने खोडू नये अशी विनंती आहे.

मग सांगायचं काय? माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे. आपण कोण आहोत ते लपवायचं नाही. कुणी विचारलं तर कारण सांगायचं, न विचारता गळी उतरवायचं नाही. भाकरी, नोकरी, औषध किंवा हुद्दा यांच्या बरोबर श्रद्धा बांधून द्यायची नाही. आपल्या लोकांकडून झालेल्या चुकाही त्याच तोंडाने सांगायच्या. आणि दुःखात बसलेल्या माणसाला, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय, एवढं सांगायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सुभेदार साहेबांना मी त्या दिवशी उत्तर दिलं. त्या रात्री देवाला काय मागत होतो ते सांगितलं. त्यांच्या मुलाचं नाव घेऊन मागत होतो, हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी तेव्हा ज्योतिबाला मागत होतो साहेब." मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. बस सुटेपर्यंत आम्ही त्या मुलाबद्दल बोलत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आजच्यापुरतं इतकंच. पुन्हा भेटू. जय हिंद.