चांद्रयान-१ मोहिमेतील आंतरराष्ट्रीय सहकार्य

भारताच्या पहिल्या चांद्रमोहिमेत भारतीय यानावर परदेशी संस्थांची वैज्ञानिक उपकरणे नेऊन केलेले संयुक्त संशोधन. यानावरील ११ उपकरणांपैकी ५ भारतीय होती. उरलेल्या ६ पैकी ३ यूरोपीय अवकाश संस्थेमार्फत, २ अमेरिकेच्या नासाकडून आणि १ बल्गेरियाकडून आले होते. चंद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या अंशाचा शोध ही या सहकार्याची प्रमुख फलश्रुती होय.

पार्श्वभूमी : १५ ऑगस्ट २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मोहिमेची घोषणा केली. भारतीय उपकरणे ठरल्यावर यानाची उरलेली क्षमता इस्रोने परदेशी शास्त्रज्ञांना खुली केली. निवडलेली उपकरणे भाडे न आकारता न्यायची आणि मिळालेली माहिती दोन्ही बाजूंनी वापरायची, असे या व्यवहाराचे स्वरूप होते. यूरोपीय अवकाश संस्थेशी २००५ मध्ये, तर नासाशी ९ मे २००६ रोजी बंगळूर येथे करार झाला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने इस्रोवर तंत्रज्ञान-निर्यातीचे निर्बंध घातले होते, हे पाहता दुसरा करार विशेष लक्षणीय ठरतो.

परदेशी उपकरणे : ‘सी-वन-एक्सएस’ हा क्ष-किरण वर्णपटमापक इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेने इस्रोच्या सहभागाने घडवला. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेचे ‘सर-२’ अवरक्त किरणांतून खनिजे ओळखणारे होते. ‘सारा’ हे उपकरण स्वीडन व भारत यांनी जपान आणि स्वित्झर्लंड यांच्या साहाय्याने तयार केले. बल्गेरियाच्या ‘रॅडॉम’ने किरणोत्साराची मात्रा मोजली. नासाचे ‘मिनी-सार’ हे ध्रुवीय विवरांच्या अंधाऱ्या तळाचा वेध घेणारे रडार होते, तर ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ (एम-थ्री) हे खनिजांचा नकाशा करणारे उपकरण होते.

निष्कर्ष : यान २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी११ ने निघाले आणि ८ नोव्हेंबरला चंद्राच्या कक्षेत पोहोचले. एम-थ्रीच्या वर्णपटात ३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाशाचे शोषण आढळले. ही हायड्रॉक्सिल व पाणी यांच्या रेणूंची खूण होय. ही खूण उपकरणातील दोषामुळे उमटलेली नाही याची खात्री कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट या यानांच्या नोंदींवरून पटली. सप्टेंबर २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कार्ली पीटर्स यांच्या गटाने हा शोध प्रसिद्ध केला. सहलेखकांत भारताचे जितेंद्रनाथ गोस्वामी होते. मिनी-सारला उत्तर ध्रुवाजवळील ४० हून अधिक लहान विवरांत बर्फाची चिन्हे दिसली. सौरवाऱ्यातील काही प्रोटॉन चंद्रभूमीवरून उदासीन हायड्रोजन अणूंच्या रूपात परततात, हे सारामुळे उघड झाले.

मर्यादा : सी-वन-एक्सएसला सूर्याकडून येणाऱ्या क्ष-किरणांची गरज होती; पण त्या काळात सूर्य शांत असल्याने त्याच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी लागले. यानाची दिशा सांभाळणारे तारा-संवेदक निकामी झाले. मे २००९ मध्ये कक्षा १०० वरून २०० किमी. उंचीवर नेण्यात आली. चांद्रयानाने सोडलेल्या रडार-लहरींचा प्रतिध्वनी नासाच्या ‘लुनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर’नेही टिपावा, असा प्रयोग २० ऑगस्टला झाला, परंतु चांद्रयानाचा रोख चुकल्याने तो फसला. २९ ऑगस्टला यानाशी संपर्क तुटला आणि दोन वर्षांसाठी आखलेली मोहीम दहा महिन्यांतच थांबली.

उत्तरकाल : एम-थ्रीच्या नोंदींचा अभ्यास पुढेही चालू राहिला. २०१८ मध्ये त्यांच्याच आधारे ध्रुवीय प्रदेशांत पृष्ठभागावर बर्फ उघडा असल्याचे दाखवण्यात आले. चांद्रयान-३ च्या ‘विक्रम’ अवतरकावर नासाचा छोटा लेसर-परावर्तक बसवला होता. २००९ च्या फसलेल्या प्रयोगातील त्याच अमेरिकी यानाने १२ डिसेंबर २०२३ रोजी त्यावर लेसर किरण टाकले आणि ते परतल्याची नोंद घेतली.