मोहिनीचें अस्त्र कोणाच्या हातीं?

सीताबर्डीच्या बाजारांतून संध्याकाळीं चालूं लागलें कीं व्हरायटी चौक लागतो. त्याचें नांव एका चित्रपटगृहावरून पडलेलें आहे. एके काळीं पडद्यावरील स्त्री पाहावयाची तर तिकीट काढून अशा ठिकाणीं जावें लागे. आतां ती ज्याच्या त्याच्या हातांतील मोबाइलवर दिसते. आपल्याच घरांतील मुलगी स्वतःचें चलच्चित्र घेऊन जगापुढें ठेवते, आणि वडीलधारीं विचारतात, “हें शोभतें काय?” आमच्या मतें हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा कीं, रूप कसें व किती दाखवावें हें ठरवितें कोण?

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत तारामतीचें काम साळुंके या पुरुष नटानें केलें; त्या कामास स्त्रीच मिळेना. पुढें ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या व त्यांची अल्पवयीन कन्या कमलाबाई मोहिनी झाली. पुराणांतील मोहिनी नाचाची प्रत्येक मुद्रा स्वतः ठरविते. तिचें अनुकरण करणारा असुर आपल्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. मोहाचें अस्त्र तेथें तिच्या हातीं आहे. पडद्यावरील मोहिनीचें तसें नव्हतें. कथा, कॅमेरा आणि कात्री दुसऱ्याच्या हातीं होती.

ही विषमता शांता आपटे यांनीं पुरती ओळखली होती. ‘कुंकू’ (१९३७) मधील त्यांची नीरा फसवून लावलेल्या विजोड लग्नास मान तुकवीत नाहीं. परंतु हा नकारही ना. ह. आपटे यांच्या कथेंतला व शांताराम यांच्या दिग्दर्शनांतला. स्वतःचा नकार शांताबाईंनीं १९३९ सालीं उच्चारला: कराराच्या वादावरून पुण्यास ‘प्रभात’च्या दारांत त्यांनीं उपोषण केलें. पुढच्याच वर्षीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक लिहून त्यांनीं या धंद्याची आंतली बाजू मुलींपुढें मांडली. लीला चिटणीस १९४१ सालीं साबणाच्या जाहिरातींतील चेहरा झाल्या. १९५५ मध्यें त्यांनीं ‘आज की बात’ स्वतः दिग्दर्शित केला. चेहऱ्याकडून दिग्दर्शनाकडे जाण्यास चौदा वर्षें लागलीं.

आजच्या मुलीच्या हातीं कॅमेरा आहे, कात्रीही आहे. मग ती स्वतंत्र झाली काय? तिचें चित्र किती जणांपुढें जावें याचा हिशेब परदेशी कंपन्यांचीं यंत्रें करितात. ज्यावर नजर खिळते तें पुढें ढकललें जातें, बाकीचें मागें पडतें. आणि कोणी आज्ञा न देतांच ती कसें उभें राहावें हें शिकत जाते. पूर्वीचा मालक दारापाशीं सांपडे, त्याच्यापुढें उपोषणास बसतां येई. या मालकास दारच नाहीं.

म्हणून घरांतील मंडळींनीं मोबाइल हिसकावूं नये. मुलीजवळ बसून विचारावें, “हें तुला असेंच हवें होतें ना?” त्याचें उत्तर तिला निःशंकपणें देतां आलें, तर अस्त्र तिच्याच हातीं आहे असें समजावें.