किनाऱ्यावरची वाटणी : सागरी मानवशास्त्राकडे वळताना

इंडोनेशियात फ्लोरेसच्या पूर्वेला लेंबाटा नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, खडकाळ उतारावर लामालेरा हे गाव वसलंय. शेतीजोगी जमीन जवळजवळ नाही. समोर सावू समुद्र, आणि तो किनारा सोडताच इतका खोल होतो की स्पर्म जातीचे देवमासे गावातून दिसतील एवढ्या जवळून जातात. त्यांची शिकार इथले लोक आजही हाताने भाला मारून करतात. सागरी मानवशास्त्राच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाला पहिलं गाव हेच दाखवावं असं मला वाटतं. मात्र तिथे नेमकं काय पाहायचं, ते आधी ठरवलेलं बरं.

पाहुणे येतात ते उडी पाहायला. देवमासा दिसला की ‘बालेओ!’ अशी हाक गावभर जाते आणि वाळूवरच्या शाकारलेल्या छपरांतून होड्या खाली लोटल्या जातात. या होडीला ‘तेना’ म्हणतात. तिच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी जोडत नाहीत. लाकडी खुंट्या आणि दोर यांवर सगळी बांधणी पेलते. नाळेच्या पुढे काढलेल्या बांबूच्या मचाणावर ‘लामाफा’, म्हणजे भालेकरी, उभा राहतो आणि नेम साधला की भाल्याच्या दांड्यासकट स्वतः झेपावतो. हाताचा जोर पुरत नाही, अंगाचं वजनही लागतं. चित्रपटवाल्यांना एवढं भरपूर झालं. आपलं काम मात्र मासा वाळूवर ओढून आणल्यावर सुरू होतं.

कारण तिथे वाटे पडतात. होडी एकट्याची नसते. ती एका कुळाची किंवा भागीदारांच्या गटाची असते. वल्हवणाऱ्यांचा वाटा असतो, लामाफाचा असतो. शिवाय होडी बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याचं पातं घडवणाऱ्या लोहाराचा, शीड विणणाऱ्याचा आणि समुद्रावर न गेलेल्या भागीदारांचाही. माशाच्या अंगाचा कोणता भाग कुणाचा हे परंपरेने ठरलेलं आहे. सुरी चालवणाऱ्याला ते पाठ असतं आणि शेजारी उभ्या असलेल्यांना त्याहून पाठ. रॉबर्ट बार्न्स यांनी अनेक वर्षं या गावाचा अभ्यास करून 1996 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली वाटणीची पानं शिकारीच्या पानांइतकीच सावकाश वाचावीत, असा माझा आग्रह आहे.

अर्थशास्त्रज्ञांनाही या गावाने कोड्यात टाकलं. जगभरातल्या पंधरा छोट्या समाजांत एक खेळ खेळवला गेला : एकाने ठरावीक रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती घ्यायची किंवा धुडकावायची, धुडकावली तर दोघांच्या हाती शून्य. लामालेरात मायकेल आल्वार्ड यांनी तो खेळवला, आणि जुगाराचा वास येऊ नये म्हणून पैशांऐवजी सिगारेटी ठेवल्या. इथल्या माणसांनी समोरच्याला सरासरीने निम्म्याहून जास्त देऊ केलं. पंधरा समाजांत हे प्रमाण सर्वांत वरचं होतं. एकट्याने देवमासा मारता येत नाही, म्हणून वाटून घेण्याची सवय हाडीमाशी खिळते, असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्थ पटण्यासारखा आहे. तरीही सिगारेटींच्या वाटणीवरून देवमाशाच्या वाटणीचा अंदाज बांधताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

वाटणी किनाऱ्यावर संपतही नाही. वाळवलेलं मांस बायका डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गावांकडे जातात, नाहीतर वुलांदोनीच्या आठवडी बाजारात बसतात, आणि त्याच्या बदल्यात मका, केळी, कंद आणतात. म्हणजे गावाचं धान्य समुद्रातून येतं, पण बायकांच्या पायांवरून. पुरुष अभ्यासकांच्या नजरेतून ही वाट बराच काळ निसटलेली होती. रूथ बार्न्स यांनी इथल्या इकत वस्त्रांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा लग्नव्यवहारात फिरणाऱ्या या कापडांचं, पर्यायाने ती विणणाऱ्या बायकांचं महत्त्व ठळक झालं.

आपल्या शाखेचा पायाच बेटांवर घातला गेला. मालिनोव्स्कींचा ट्रोब्रियंड बेटांवरचा आणि रॅडक्लिफ-ब्राउन यांचा अंदमानवरचा ग्रंथ, दोन्ही 1922 सालचे. त्या पिढीला बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला, म्हणून अभ्यासाला सोयीचा समाज वाटे. लामालेरा या समजुतीला जुमानत नाही. समुद्रावर जाण्याचा मुख्य हंगाम इथे मे महिन्याच्या आरंभी किनाऱ्यावरच्या कॅथलिक मिस्साने उघडतो. 1970च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आधुनिक शिकारी बोट आणून पाहिली. तो प्रयोग रुजला नाही. इंजिनाच्या होड्या मात्र रुजल्या. एका ब्रँडवरून त्यांना सरसकट ‘जॉन्सन’ म्हणतात, आणि आता त्या कधीकधी तेनालाही ओढून नेतात. मग इंधनाचा वाटा कुणाचा? इंजिनाचा मालक एकटा असेल तर कुळाचं काय? देवमासे मारावेत की नाहीत, हा बाहेरच्यांचा वाद मोठा आहे आणि तो टाळू नये. पण मला हे छोटे प्रश्न जास्त पुढे नेणारे वाटतात.

ते प्रश्न विचारायला लेंबाटापर्यंत जायलाच हवं असं नाही. विजया पुणेकरांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा अभ्यास 1959 सालीच पुस्तकरूपाने आला, आणि मराठी वाचकाने सुरुवात तिथून करायला हरकत नाही. आपल्याकडेही होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा आणि खलाशांचा वाटा ही भाषा जुनी आहे. हर्णैच्या वाळूवर संध्याकाळचा लिलाव लागतो तेव्हा माशांचे फोटो काढून झाले की जरा थांबा, आणि पैसे कुणाच्या हातातून कुणाकडे जातात ते पाहा. बोलायला मात्र जून-जुलैत जा. तेव्हा यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात आणि जाळी दुरुस्त करता करता तांडेलाला तुमच्या प्रश्नांसाठी वेळ असतो.