'काल्मा' शब्दाची कुळकथा

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात स्पॅनिश शिकविली जाते. गिरडसारख्या गावातून जो विद्यार्थी तेथे जाईल, त्याला त्या भाषेतील धीराचे शब्द शिकताना परक्या मुलखात आल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. 'नो पासा नादा' हे स्पॅनिश माणसाचे नित्याचे आश्वासन शब्दशः घेतले, तर तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना आपली आजी जे म्हणते, तेच ते: 'काही होत नाही, बापा.'

'काल्मा', म्हणजे शांतता, हा शब्द मात्र साक्षात आगीच्या पोटी जन्मला. ग्रीकांच्या जाळणे या अर्थाच्या धातूपासून 'काउमा', म्हणजे दाह, झाला. तो लॅटिनमध्ये आला, ईयोबाची हाडे दाहाने सुकल्याचे वर्णन करताना बायबलच्या लॅटिन भाषांतरात योजला गेला, आणि पुढे एका उष्णतावाचक लॅटिन क्रियापदाच्या संसर्गाने त्यात 'ल' शिरला, असे व्युत्पत्तिकार मानतात. भूमध्य समुद्राच्या काठी ऐन दुपारचे ऊन म्हणजे वारा पडण्याची आणि हातातले काम खाली ठेवण्याची वेळ असल्यामुळे उन्हाचे नाव विसाव्याला, विसाव्याचे निवांतपणाला आणि अखेर मनाच्या स्थैर्याला मिळाले. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला वैशाखात आलेला भाविक, मग तो हिंदू असो वा मुसलमान, तापलेल्या फरशीवरून झपाझप पावले उचलीत सावली गाठतो आणि तेथे टेकल्यावर काही काळ बोलतही नाही. त्याला ही अर्थाची वाटचाल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

संस्कृताने उलट वाट धरली. 'शम्' म्हणजे निवणे, विझणे. म्हणून आपला 'शांत' हा निवलेल्या अग्नीचा शब्द. मला तीच वाट अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात दाह होऊन गेल्याची जाणीव शिल्लक आहे.

'सोसिएगो', म्हणजे स्वस्थता, या दुसऱ्या स्पॅनिश शब्दाचा भाऊबंद तर आपल्या दाराशीच नांदतो. पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून गोव्याने 'सुशेगाद' घेतले, आणि या साऱ्यांच्या मुळाशी बसणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. संस्कृत 'सद्' हा त्याचाच सगोत्र. गाळ तळाशी बसून पाणी निवळावे तसे निवळलेले मन ते 'प्रसन्न', हाही त्या 'सद्'चाच वंशज.

धीर देण्याची आपली निम्मी शब्दसंपदा मात्र दरबारी वाटेने आली: 'दिलासा' फारसीतून, 'सबुरी' अरबीतून, आणि दफ्तरात रुळलेली 'खातरजमा'ही त्याच वाटेने. स्पेनमध्येही 711 पासून 1492 पर्यंत मुसलमानी अंमल कमीअधिक मुलखात टिकून होता; त्या शतकांनी स्पॅनिश भाषेला 'ओहाला' हा आशेचा उद्गार दिला, आणि 'परमेश्वराने इच्छिले तर' या अर्थाच्या अरबी वाक्यापासून तो बनला असल्यामुळे आंदालुसियातला शेतकरी आभाळाकडे पाहून आजही जे म्हणतो, त्याचे माहेर आपल्या 'सबुरी'चेच आहे.