रात्रीचं सरकार

फोन घरी ठेवा, धोतर नेसा आणि पायातलं काढून चला. आलात तुम्ही 1944 च्या उन्हाळ्यात, सातारा जिल्ह्यात, कुंडलच्या आसपासच्या गावात. दोन बैल, एक म्हैस आणि शेजाऱ्यानं बांध कोरल्याची जुनी तक्रार, एवढीच तुमची इस्टेट.

दुपारी पोलिसांची गाडी येते. धुरळा नाकातोंडात जातो, दारं धडाधड आपटतात, कोंबड्या परसात पळतात. फौजदाराला नाना पाटील हवेत, इंग्रजांना न जुमानता गावोगाव प्रतिसरकार चालवणारे भूमिगत पुढारी. "कोन नाना, सायब?" तुम्ही भोळा चेहरा करता. आत तुमची कारभारीण पाच भाकऱ्या जास्तीच्या थापतेय आणि तो थपथप आवाज ओसरीपर्यंत येतोय. तुम्ही मोठ्यानं खोकता.

हेच पोलीस दरोडा पडला तेव्हा कुठं होते? उन्हाळी रात्र म्हणजे उशाला कुऱ्हाड आणि सावकाराच्या वाड्याकडून ओरडा, असं होतं की नाही? आता प्रतिसरकारच्या तुफान दलाची पोरं काठ्या घेऊन गस्त घालतात आणि तुम्ही अंगणात बाज टाकून घोरता. स्वातंत्र्य मोठं की सुरक्षितता, हा वाद शहरात छान रंगतो. मला विचाराल तर प्रतिसरकारला गावानं भाकरी घातली त्यात भाषणांइतकाच या झोपेचा वाटा होता.

रात्र चढते आणि प्रतिसरकारची न्यायसभा भरते. रॉकेल काळ्या बाजारात गेलंय, म्हणून देवळापुढं एकच कंदील. घाम, तंबाखू, शेणाचा वास. माणसाला माणूस चिकटून बसलेला. आधी एक गांधी लग्न उरकतं: वाजंत्री नाही, जेवणावळ नाही, दोन हार आणि टाळ्या. नवरीच्या बापाचं शेत गहाण पडायचं वाचलं, तो सगळ्यांत जोरात टाळ्या पिटतो.

मग एकाला पुढं ओढतात. पोलिसांना खबर देतो म्हणे. पाय वर धरतात आणि तळपायावर काठी बसू लागते. तो आवाज भाकरीच्या थापेसारखाच, फक्त जास्त कोरडा. तुमच्या बोटांची आपोआप मूठ वळते. त्याच्या बाजूनं कुणी उठत नाही. तुम्हीही नाही. इथं वकील नाही, स्टँप नाही, तारखा नाहीत. म्हणूनच तर तुम्ही तासगावची कचेरी सोडून इथं आलात. पण अपीलही नाही, हे आत्ता कळतंय.

तुमच्या नावाची हाक येते. शेजारी समोर उभा आहे. बांध त्यानं कोरला, हे खरं. मागच्या सुगीला एक दगड तुम्हीही हातभर सरकवला होता, हेही खरं, आणि त्यानं ते पाहिलं होतं.

"बोला," पंच म्हणतात, "आधी कोन बोलतंय?"