पोबारा, गाशा आणि रिट्रीट

घाईने कोठून तरी निघून जाण्याला ‘बीट अ रिट्रीट’ म्हणण्याची रीत आपल्या घरांतील मराठीत आता चांगलीच रुळली आहे. लग्नघरातून कोणी पंगतीआधीच सटकला, तरी त्याने ‘रिट्रीट’ केले असे मुले म्हणतात. मुळात हा ढोलाचा इशारा. तो वाजला की सैन्याने माघारी वळायचे. दिल्लीच्या विजय चौकात दर 29 जानेवारीस होणारा सोहळा याच प्रथेचा वारस आहे. म्हणजे या शब्दात पळणे नाही, हुकुमाने परतणे आहे.

मराठीतील शब्दही छावणीचेच. गाशा म्हणजे खोगिरावर घालावयाचे वस्त्र; शब्द मूळचा अरबी. तो गुंडाळला की मुक्काम हलला. पोबारा मात्र फाशांच्या खेळातला. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे दैव उघडणे आणि मराठीत पोबारा करणे म्हणजे पळून जाणे! ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे दोन्ही अर्थ एकाच गल्लीत ऐकावे लागतात. पळण्यासाठी हिंदीने वेगळी बेरीज राखून ठेवली आहे : नौ दो ग्यारह. आपले लष्कर तर गाशा न गुंडाळलेलीच छावणी. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो उठलाच नाही आणि शहराचे नावही तेच पडले.

रणातून निघून जाणे नेहमीच लाजिरवाणे नसते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावरून महादजी शिंदे पायाला जबर जखम घेऊन निघाले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचविले व दक्षिणेत सुखरूप पोहोचविले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. याला पोबारा म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

अडचण येते ती 1 जून 1858 च्या प्रसंगाशी. तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी यांच्यावर जयाजीराव शिंदे मुरारच्या पूर्वेस बहादुरपुराकडे चालून गेले. आपल्या दर्पण कॉलनीतून मुरार ते कितीसे दूर! तोफा सुरू होताच त्यांची बहुतेक फौज समोरच्यांना जाऊन मिळाली. खासगी रक्षकदल तेवढे झुंजले. तेवीस-चोवीस वर्षांचे महाराज आग्ऱ्याकडे निघाले. दिवाण दिनकरराव राजवाडेही तिकडेच गेले. आपल्या घरांतून राणीची पूजा होते आणि शिंद्यांचे अन्नही सांगितले जाते. म्हणून या दिवसाविषयी बोलताना क्रियापद गिळून ‘महाराज आग्ऱ्यास गेले’ एवढेच म्हटले जाते, जणू ताजमहाल पाहावयासच!

पोबारा म्हटले तर झुंजलेल्या रक्षकांवर अन्याय होतो. रिट्रीट म्हणावे, तर माघारीचा हुकूम ऐकावयास फौजच उरली नव्हती. मला ‘काढता पाय घेतला’ हे शब्द योग्य वाटतात. त्यांत धूर्तपणा आहे, नामुष्कीही आहे. महाराज 20 जूनला परतले, ते सर ह्यू रोजच्या इंग्रजी फौजेबरोबर. राणी त्याच्या दोन-तीन दिवस आधी याच शहरात पडली होती.