खाटेपाशी जाण्याआधी

कारखान्यात नवा उमेदवार आला तर त्याला पहिल्याच दिवशी चालत्या यंत्रापाशी कोणी उभे करीत नाही. जाणता कारागीर आधी त्याचा हात पाहतो, मग यंत्र सोपवितो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि अशा कामगारांत फार झाले. त्यामुळे वैद्यकाचा इतिहास वाचताना आम्ही हेच शोधीत गेलो, की विद्यार्थ्याला रुग्णापाशी नेण्याआधी त्याचा हात कोणी आणि कसा पाहिला?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात याविषयी स्वतंत्र अध्यायच आहे. पाठांतर कितीही असो, ज्याने सराव केला नाही तो कर्माला अयोग्य, असे तेथे मानले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा, टाके कापडावर व मऊ कातड्यावर घालून पाहावेत, शीर सोडण्यास मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ घ्यावा. पुढच्या अध्यायात तर राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने व्यवसायात शिरावे असे सांगितले आहे.

मुंबईत १८२६ साली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली, ती १८३२ साली बंद झाली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाला लागूनच. पुस्तक आणि खाट एका आवारात आली. १८५१ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी लाड होते. पण आता शिकणे इंग्रजीत आणि कण्हणे मराठी-गुजरातीत, अशी फट पडली.

आपला नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला आणि २०२० साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. त्याच्या आदल्या वर्षी देशात नवा अभ्यासक्रम लागू झाला होता. त्यात पहिल्याच वर्षी रुग्णाची ओळख, आरंभी स्थानिक भाषेचे धडे, आणि कौशल्य करून दाखविल्यावर नोंदवहीत शिक्षकाची सही, अशी व्यवस्था आहे. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र येथे स्थानिक भाषा कोणती? शहरात मराठी, बाजारात अहिराणी, नवापुराकडे मावची, सातपुड्यात भिली आणि पावरी.

ऊसतोडीला गेलेल्या धडगावकडच्या एका बाईला आम्ही एकदा एका रुग्णालयात नेले होते. विद्यार्थ्याने पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती मान हलवी आणि तो 'होय' लिहून घेई. शेवटी झाडू मारणाऱ्या बाईने पावरीत विचारले, तेव्हा कळले की दुखणे पोटात नाही, छातीत आहे. मुलगा हुशार होता. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याच्या परीक्षकांनी ही परीक्षा घेतलीच नव्हती.

आमची मागणी एवढीच आहे. वॉर्डात जाण्याआधी विद्यार्थ्याने भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाची तक्रार ऐकावी आणि ती त्यालाच त्याच्या बोलीत परत सांगावी. त्या माणसाने 'बरोबर' म्हटले, तरच नोंदवहीत सही व्हावी. कोहळ्यावर सराव करताना कोहळ्याला काही विचारावे लागत नाही. माणसाला विचारावे लागते.